संगणकाची दोन कोठारे

संस्थेची दप्तरे लाकडी कपाटात असत तेव्हा त्यांच्या रक्षणाचा प्रश्न साधा होता. कपाटास कुलूप असे, एक किल्ली चिटणिसांपाशी व दुसरी कोषाध्यक्षांपाशी राही, आणि वाळवी लागू नये म्हणून वर्षातून एकदा वह्या उन्हात घालीत. आज बहुतेक धर्मादाय संस्थांची सभासद-यादी, देणगीदारांचे पॅन क्रमांक, शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांची बँकखाती, फार काय, वैद्यकीय मदतीसाठी आलेले अर्जदेखील संगणकात आहेत. कोणाच्या घरी कोणते दुखणे आहे हे त्या अर्जांत लिहिलेले असते. कपाट गेले, कुलपाचा प्रश्न मात्र गेला नाही, उलट अधिक गुंतागुंतीचा झाला आहे.

कार्यकारी मंडळाच्या सभेत कोणी विचारतो, "आपला संगणक सुरक्षित आहे ना?" उत्तर येते, "हो, अपडेट केलेला आहे." आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. हे उत्तर खोटे नसते. परंतु बहुधा ते अर्धेच असते. उरलेले अर्धे कोणते, हे न्यासाच्या सभासदांस व त्यांच्या घरच्या मंडळींस समजेल अशा भाषेत सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. संगणकाचे शास्त्र शिकलेल्यांस यातील पुष्कळसे ठाऊक असेल. त्यांनी चार पाने उलटली तरी आमची तक्रार नाही.

प्रथम, ज्या संगणकाविषयी आपण बोलत आहो तो कोणता हे ठरवू. ज्यावर संस्थेचे संकेतस्थळ वा सभासद-नोंदणी चालते आणि जो रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो, त्यावर बहुधा लिनक्सच्या कुळातील कार्यप्रणाली असते. कार्यप्रणाली म्हणजे ज्यास इंग्रजीत ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती. यंत्र व माणूस यांच्यामधला कारभारीच म्हणा ना. या कुळातील दोन नावे अनेकांच्या कानांवरून गेली असतील, डेबियन व उबुंटू. डेबियन १९९३ साली इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने सुरू केली. डेब्रा ही त्याची मैत्रीण, पुढे पत्नी. तिच्या नावाचा आरंभ आणि स्वतःचे नाव जोडून त्याने हा शब्द बनविला. उबुंटू ही तिच्यापासूनच फुटलेली शाखा, २००४ सालची. दोन्ही विनामूल्य मिळतात, आणि काटकसरीने चालणाऱ्या संस्थांस ही गोष्ट साहजिकच रुचते.

डेबियनचे खरे वैभव तिच्या कोठारात आहे. साठ हजारांहून अधिक पॅकेजे त्या कोठारात मांडून ठेवलेली आहेत. पॅकेज म्हणजे वापरावयास तयार अशी, बांधून ठेवलेली आज्ञावली. ही पॅकेजे सांभाळणारे लोक जगभर पसरलेले असून त्यांतील बहुसंख्य स्वयंसेवक आहेत. आपले यंत्र ‘एप्ट’ नावाच्या साधनाने तेथून माल आणते, आणि काय काय आणले याची वही स्वतःपाशी ठेवते. नवीन दुरुस्ती आली आहे काय, हे ती वही समोर ठेवूनच ते कोठारास विचारते.

आता दुसरे कोठार. सभासद-नोंदणीची किंवा पावत्यांची आज्ञावली लिहिणारा ती कोणत्या तरी संगणकभाषेत लिहितो. पायथन ही अशी एक भाषा. हॉलंडच्या खीडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली. परंतु कोणताही लिहिणारा सर्व काही स्वतः लिहीत नाही. तारखांचा हिशेब, पावतीची छपाई, मोबाइलवर निरोप पाठविणे, यांसाठी इतरांनी लिहून ठेवलेले तयार भाग तो उचलतो. या भागांसही पॅकेज असेच म्हणतात, आणि प्रत्येक भाषेचे आपले स्वतंत्र कोठार असते. पायथनच्या कोठाराचे नाव पायपीआय. तेथून माल आणणारे साधन ‘पिप’. जावास्क्रिप्ट या भाषेचे कोठार एनपीएम. पहिल्यात पाच लाखांहून अधिक व दुसऱ्यात वीस लाखांहून अधिक पॅकेजे आहेत. तेथे खाते उघडून कोणीही आपला माल मांडू शकतो. मांडण्यापूर्वी तो कोणी पारखून घेत नाही.

सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे. एकच पॅकेज दोन्ही कोठारांत असू शकते. एप्टने आणलेला माल एप्टच्या वहीत चढतो. पिपने आणलेला माल त्या वहीत चढत नाही. "संगणक अपडेट केला" असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा पहिल्या वहीतील माल तेवढा तपासला गेलेला असतो.

एका घरगुती उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. आपल्या मांडवीतल्या ज्या वाण्याकडे आपले महिन्याचे खाते असते, त्याने विकलेल्या तेलाच्या डब्यांत भेसळ निघाली, तर तो वही उघडतो आणि ज्यांच्या ज्यांच्या खाती तो डबा मांडलेला असेल त्यांच्याकडे पोऱ्या धाडतो: हा डबा द्या, दुसरा घ्या. तेच तेल आपण जत्रेतून आणले असेल तर ते तितकेच चांगले किंवा तितकेच वाईट असेल. परंतु ते आपल्या घरी आहे हे विकणाऱ्यास ठाऊक नाही. निरोप घेऊन कोणी येणार नाही. भेसळीची बातमी आपणच कानावर घेतली पाहिजे, आणि फडताळात तो डबा आहे काय हे आपणच पाहिले पाहिजे.

पहिल्या कोठारातून दुरुस्ती कशी येते, हे थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. कारण येथे चांगली शिकलेली माणसेही फसतात. एखाद्या पॅकेजात चोरवाट आढळली की तिला एक क्रमांक देतात. ही पद्धत १९९९ साली मायटर या अमेरिकन संस्थेने सुरू केली. सीव्हीई ही अक्षरे, मग वर्ष, मग अनुक्रम, असा तो क्रमांक असतो. दवाखान्यातील केसपेपराच्या क्रमांकासारखाच त्याचा उपयोग; एकाच दुखण्यास दहाजण दहा नावे देतात, क्रमांक मात्र एकच राहतो. यानंतर पॅकेजाचा मूळ लेखक चोरवाट बुजवितो आणि नवीन आवृत्ती काढतो. सामान्य समजूत अशी की, डेबियन ती नवीन आवृत्ती घेऊन आपल्याकडे पाठविते. तसे होत नाही. नवीन आवृत्तीत चोरवाटेच्या दुरुस्तीबरोबर लेखकाने आणखी दहा फेरफार केलेले असतात. ते घेतले तर त्या पॅकेजावर विसंबून असलेली दुसरी पन्नास पॅकेजे अडखळतील. म्हणून डेबियनची मंडळी नवीन आवृत्तीतून तेवढी दुरुस्ती काढून घेतात आणि जुन्या आवृत्तीवर बसवितात. वाड्याची एक तुळई किडली तर आपण तुळई बदलतो, वाडा पाडून नवा बांधीत नाही, तद्वतच हे.

याचे ठळक उदाहरण म्हणजे २०१४ सालचे हार्टब्लीड प्रकरण. ओपनएसएसएल हे पॅकेज बँका व संकेतस्थळे यांच्याशी होणारे आपले बोलणे गुप्त ठेवण्याचे काम करते. मार्च २०१२ पासून त्यात एक विचित्र चूक होती. समजा, पेढीवर कोणी एक रुपया ठेवला आणि "मी चौसष्ट हजार ठेवले, ते परत द्या" असे म्हटले, आणि रोखपालाने न मोजता शेजारच्या ठेवीदारांच्या पैशांतून तेवढे काढून दिले, तर काय होईल? ओपनएसएसएल अक्षरांच्या बाबतीत असेच करीत होते. मागणाऱ्यास एका वेळी सुमारे चौसष्ट हजार अक्षरांपर्यंत यंत्राच्या स्मृतीतील मजकूर मिळे, आणि त्यात कोणाचे परवलीचे शब्द असतील याचा नेम नव्हता. ७ एप्रिल २०१४ रोजी ही गोष्ट जाहीर झाली. मूळ लेखकांनी १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती काढली. डेबियनच्या तेव्हाच्या सातव्या आवृत्तीत १.०.१ई होती. डेबियनने त्याच दिवशी दुरुस्ती पाठविली. परंतु नाव १.०.१ई हेच राहिले, मागे शेपूट तेवढे वाढले: ‘डेब७यू५’. म्हणजे सातव्या डेबियनसाठी केलेली पाचवी दुरुस्ती. जगभर ओरड चालली होती की "जी पाहिजे, जी पाहिजे," आणि यंत्रावर पाहावे तो ‘ई’. कित्येक जण घाबरले. शेपूट वाचणारे निश्चिंत होते.

हा घोळ आजही चालू आहे. बाहेरून तपासणी करणारी काही साधने आवृत्तीचा नुसता आकडा पाहतात आणि "जुना आहे, धोक्याचा आहे" असा शेरा मारतात. मग एखादा उत्साही तरुण कोठारातील दुरुस्त केलेला माल काढून टाकतो आणि बाहेरून ताजा माल आणून हाताने बसवितो. शेरा नाहीसा होतो, मंडळ समाधान पावते. परंतु त्या दिवसापासून ते पॅकेज वाण्याच्या वहीतून उतरलेले असते. पुढची चोरवाट सापडेल तेव्हा पोऱ्या येणार नाही. आमच्या मते असा ‘सुधारलेला’ संगणक पूर्वीपेक्षा कच्चा असतो, आणि हे ध्यानात येण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात.

दोन्ही दारांनी येणाऱ्या मालाचे उदाहरण म्हणून जँगो घ्या. संकेतस्थळे व नोंदण्या बांधण्यासाठी पायथनमध्ये हे पॅकेज फार वापरतात. जून २०२३ मध्ये निघालेल्या बाराव्या डेबियनमध्ये जँगोची ३.२ ही मालिका आहे. मूळ लेखकांनी या मालिकेची देखभाल एप्रिल २०२४ मध्ये थांबविली. ज्याने ती पिपने आणली असेल त्यास त्या दिवसापासून दुरुस्ती बंद; नव्या मालिकेवर जावे आणि आपली आज्ञावली तिच्याशी जुळवून घ्यावी, हाच मार्ग. ज्याने तीच मालिका एप्टने आणली त्याच्यासाठी मात्र डेबियनची मंडळी दुरुस्त्या करीत राहिली. आकडा एकच, पण एक अनाथ व दुसरा सनाथ.

मग पिप वापरूच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. पहिल्या कोठारातील माल जुना असतो हे खरे आहे, आणि पुष्कळ गोष्टी तेथे मिळतच नाहीत. लिहिणाऱ्या तरुणांची कुरकुर बहुतेक वेळा रास्त असते. मात्र त्यांतील कित्येक जण एक अविचार करीत असत. डेबियन व उबुंटू यांच्या स्वतःच्या घरकामातही पायथन लागते. आणि ही मंडळी पिपने आणलेला माल सरळ घरच्याच फडताळात ओतीत. परिणामी एखादे दिवशी कार्यप्रणालीचेच एखादे साधन चालेनासे होई. बाराव्या डेबियनपासून यास आळा घातला आहे. पिप आता स्पष्ट सांगते की हे फडताळ दुसऱ्याच्या ताब्यातील आहे, येथे मी काही ठेवणार नाही. तरीही हट्टच असेल तर एक परवलीचा शब्दसमूह जोडावा लागतो, त्याचे नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’, म्हणजे कार्यप्रणालीची पॅकेजे मोडा. इतके उघड नाव असूनही लोक तो जोडतात, याचे आम्हांस नवल वाटते.

योग्य मार्ग म्हणजे वेगळी चूल. प्रत्येक आज्ञावलीसाठी स्वतंत्र खोली करून तिच्यात पिपचा माल ठेवता येतो. जाणकार तिला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात. यात भांडण मिटते, घर मोडत नाही. परंतु वेगळी चूल मांडली की शिधाही आपलाच. मोठ्या घराच्या कोठीत नवे धान्य भरले म्हणून वेगळ्या चुलीवरचे डबे भरत नाहीत. त्या खोलीत कोणते पॅकेज, कोणत्या आवृत्तीचे, हे लिहून ठेवलेल्या यादीत आवृत्त्या पक्क्या बांधलेल्या असतात; आज्ञावली एकाएकी बिघडू नये म्हणून हे चांगले. पण कोणी यादी उघडून बदलीपर्यंत त्या तशाच राहतात, मग मध्यंतरी त्यांत कितीही चोरवाटा सापडोत.

आपल्यासारख्या संस्थांचे नेमके दुखणे हेच आहे. आज्ञावली कोणी लिहून दिलेली असते? कोणा सभासदाच्या मुलाने किंवा मुलीने, शिकत असताना, हौसेने व विनामोबदला. काम उत्तम झालेले असते. पुढे शिक्षण संपते, नोकरी पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशी लागते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, सर्वत्र हीच कथा. माणूस गेला, वेगळी चूल मागे राहिली, आणि ती वेगळी आहे हेही मागच्यांस ठाऊक नाही. चिटणीस प्रामाणिकपणे दरमहा कार्यप्रणाली अपडेट करीत राहतात.

लहान संस्थांचेच असे होते असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतील इक्विफॅक्स ही लोकांच्या पतीची नोंद ठेवणारी प्रचंड कंपनी. तिच्या एका संकेतस्थळामागे स्ट्रट्स नावाचे जावा भाषेतील पॅकेज होते. त्यातील चोरवाट व तिची दुरुस्ती ७ मार्च २०१७ रोजी जाहीर झाली. दोन दिवसांनी कंपनीत अंतर्गत पत्रक निघाले की ही दुरुस्ती बसवा. अमेरिकन संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने २०१८ साली दिलेल्या अहवालात पुढे काय झाले ते नमूद आहे: पत्रक ज्या नावांच्या यादीवर गेले ती यादीच जुनी होती, आणि ज्यांनी दुरुस्ती बसवावयाची त्यांच्या हाती ते पोहोचलेच नाही. त्यानंतर यंत्रांची झडती घेण्यात आली. तीत ते पॅकेज सापडले नाही. मेच्या मध्यास चोर आत शिरले व जुलैअखेरपर्यंत आत होते. जाणारा-येणारा मजकूर तपासणाऱ्या उपकरणाचे प्रमाणपत्र मुदत संपून पडले होते, म्हणून ते आंधळे झाले होते; प्रमाणपत्र नवे केल्यावर चोरी दिसली. सुमारे १४ कोटी ७० लक्ष लोकांची नावे, जन्मतारखा, शासकीय ओळख-क्रमांक गेले. २०१९ साली झालेल्या तडजोडीत कंपनीस किमान ५७ कोटी ५० लक्ष डॉलर मान्य करावे लागले. दुरुस्ती विनामूल्य होती, आणि चोर येण्यापूर्वी दोन महिने तयार होती.

झडतीत पॅकेज का सापडू नये, असा प्रश्न वाचकांस पडेल. २०२१ च्या डिसेंबरात याचे उत्तर साऱ्या जगास मिळाले. लॉगफोरजे हे जावा भाषेतील एक अतिसाधे पॅकेज. आज्ञावलीने दिवसभर काय केले याची रोजनिशी लिहिणे, एवढेच त्याचे काम. पण त्यात अशी खोड निघाली की, रोजनिशीत उतरवावयाच्या मजकुरात विशिष्ट धाटणीचे सूत्र आले तर हा कारकून ते नुसते उतरवून न घेता त्याप्रमाणे वागू लागे. बाहेरच्याने आपल्या नावाच्या जागी असे सूत्र लिहून पाठविले की कारकून त्याचा चाकर झाला. दुरुस्ती लगेच आली. ती अपुरी ठरून महिनाभरात आणखी दुरुस्त्या निघाल्या. परंतु खरी दमछाक झाली ती शोधण्यात. हे पॅकेज दुसऱ्या पॅकेजाच्या पोटात, ते तिसऱ्याच्या पोटात, असे गाठोड्यात गाठोडे बांधलेले असे. एप्टच्या वहीतील प्रत एका फटक्यात दुरुस्त होई. विकत घेतलेल्या आज्ञावल्यांच्या पोटातील प्रती कोणत्याच वहीत नव्हत्या.

काही भाषांत तर पोटातली वस्तू वेगळी काढताच येत नाही. गो व रस्ट या दोन नव्या भाषा. त्यांत आज्ञावली तयार करताना लागणारी पॅकेजे तिच्यात मिसळून एकजीव करतात. ताटात चटणी वेगळी वाढली असेल आणि ती खारट निघाली तर चटणी तेवढी बदलता येते. पुरणात खडा गेला असेल तर प्रत्येक पोळी नव्याने लाटावी लागते. एका पॅकेजात चोरवाट सापडली की ते ज्यात ज्यात मिसळले आहे ती प्रत्येक आज्ञावली पुन्हा घडवावयास हवी. डेबियनने आपल्या बाराव्या आवृत्तीबरोबरच्या निवेदनात हे प्रांजळपणे सांगितले आहे की, या भाषांतील पॅकेजांस सुरक्षेची हमी मर्यादित आहे. असे स्वतःहून सांगणारे थोडे, म्हणून आम्हांस डेबियनविषयी आदर वाटतो.

तथापि पहिले कोठार निर्दोष आहे असेही नाही. २००६ साली डेबियनमध्येच ओपनएसएसएलच्या दोन-चार ओळी निरुपयोगी समजून वगळल्या गेल्या, आणि मे २००८ पर्यंत डेबियनच्या यंत्रांवर बनलेल्या गुप्त किल्ल्या प्रत्येक प्रकारात अवघ्या ३२,७६८ नमुन्यांपैकीच निघत. दुरुस्ती आल्यावर नुसती ती बसवून भागले नाही. त्या दोन वर्षांत बनविलेली प्रत्येक किल्ली टाकून नवी करावी लागली. कुलूप सुधारले तरी चोराच्या खिशातली किल्ली चालतेच.

दुसरीकडे, ‘नेहमी सर्वांत ताजे घ्या’ हा मंत्रही धोक्याचा आहे. एक्सझेड हे मजकूर दाबून लहान करणारे पॅकेज. जिया तान या नावाने वावरणाऱ्या कोणी दोन वर्षांहून अधिक काळ त्यात सेवा केली, विश्वास संपादन केला आणि २०२४ च्या आरंभी ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत स्वतःसाठी चोरदरवाजा ठेवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी हे उघडकीस आणले. डेबियनच्या चाचणीच्या शाखांत तो माल पोहोचला होता. सर्वसामान्यांच्या स्थिर शाखेत जुनाच असल्यामुळे ती वाचली. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवरील काही अतिलोकप्रिय पॅकेजांच्या सांभाळणाऱ्यास खोट्या पत्राने फसवून त्यांत विष कालविले गेले; काही तासांतच ते काढले, पण त्या तासांत ज्यांनी ताजा माल उचलला त्यांच्या घरी ते गेलेच. म्हणून आम्ही असे म्हणू की, चोरवाट बुजविणारी दुरुस्ती असेल तर उशीर करू नये, आणि नुसती नवलाई असेल तर आठ-पंधरा दिवस थांबण्यात काही बिघडत नाही. दुरुस्तीबरोबर सीव्हीई क्रमांक दिला आहे काय, यावरून बहुधा भेद कळतो.

मुदतीचाही विचार हवा. डेबियनची प्रत्येक आवृत्ती सुमारे तीन वर्षे मुख्य मंडळ सांभाळते, पुढील दोन वर्षे दुसरा गट. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीस पाच वर्षे मिळतात; २०.०४ ही आवृत्ती ज्यांच्याकडे अद्याप असेल त्यांची साधी मुदत मे २०२५ मध्येच संपली. त्यातही एक पोटभेद आहे. उबुंटूच्या कोठारात ‘मेन’ व ‘युनिव्हर्स’ असे दोन मोठे विभाग असून कंपनीची पाच वर्षांची हमी पहिल्यापुरती आहे. भाषांची पुष्कळशी पॅकेजे दुसऱ्यात असतात. दुसऱ्याच्या दुरुस्त्या ‘उबुंटू प्रो’ या योजनेत मिळतात. ती खाजगी वापरास पाच यंत्रांपर्यंत विनामूल्य आहे. संस्थेने मात्र अटी वाचून घ्याव्यात. अपडेट करताना "आणखी इतक्या दुरुस्त्या प्रोमध्ये आहेत" अशी ओळ दिसते, तिला जाहिरात समजून कित्येक दुर्लक्ष करतात. ती जाहिरात आहेच. परंतु खरीही आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे? आपल्या संस्थांस डेडस्टॉक रजिस्टर ठेवण्याची सवय आहे. सतरंज्या किती, पातेली किती, खुर्च्या किती व कोणी दिल्या, हे आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो. तसेच एक रजिस्टर संगणकाच्या मालाचे करावे. पॅकेजाचे नाव, आवृत्ती, एप्टने आले की पिपने की हाताने, कोणी बसविले, कोणत्या आज्ञावलीसाठी, एवढे रकाने पुरेत. पहिल्या कोठाराचा माल एप्ट स्वतःच सांगते, आणि ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ हे साधन लावले तर त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसतात. वेगळ्या चुलीवरच्या मालासाठी ‘पिप-ऑडिट’ हे साधन आहे. यादी त्यास दाखविली की कोणत्या पॅकेजात कोणती ज्ञात चोरवाट आहे हे ते क्रमांकानिशी सांगते. एनपीएममध्ये अशी सोय २०१८ पासून अंगचीच आहे. महिन्यातून एकदा हे चालविण्यास अर्धा तासही लागत नाही. जे पॅकेज पहिल्या कोठारात मिळते व त्या आवृत्तीने काम भागते, ते तेथूनच घ्यावे, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे. उरलेले थोडके पिपने आणावे, आणि तेवढ्यांवर नजर ठेवावी.

एक बारकावा सांगितला पाहिजे. दुरुस्ती बसली तरी जी आज्ञावली आधीपासून चालू आहे ती आपल्या स्मृतीतील जुनीच प्रत वापरीत राहते. ती बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. "आमचा संगणक तीनशे दिवस बंद पडला नाही" असे अभिमानाने सांगणारे भेटतात. गाभ्याची दुरुस्ती नुसत्या बसविण्याने लागू होत नाही, त्यासाठी बहुधा संगणकच पुन्हा सुरू करावा लागतो. म्हणून त्या तीनशे दिवसांत आलेल्या अशा दुरुस्त्यांचे काय झाले, असे त्यांस विचारावे.

कायद्यानेही आता या गोष्टीची दखल घेतली आहे. लोकांची वैयक्तिक माहिती जवळ बाळगणाऱ्याने तिच्या रक्षणाची वाजवी तजवीज केली पाहिजे, असे २०२३ सालचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम सांगतो, आणि कसूर झाल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. सर्ट-इन ही केंद्र शासनाची संस्था २००४ पासून चोरवाटांच्या सूचना प्रसिद्ध करीत आहे. एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या तिच्या निर्देशानुसार संगणकावर झालेला हल्ला ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो. सहा तासांत कळवावयाचे तर कोणी कळवावयाचे हे आधी ठरलेले असावयास हवे.

तेव्हा कार्यकारी मंडळाने एका व्यक्तीचे नाव ठरावात घालावे, आणि तिच्या अनुपस्थितीत दुसऱ्या कोणाचे. डेबियन व उबुंटू यांची सुरक्षा-पत्रके ज्या ई-मेल पत्त्यावर येतात तो पत्ता संस्थेचा असावा, व्यक्तीचा नव्हे. इक्विफॅक्सच्या जुन्या यादीची आठवण येथे उपयोगी पडेल. आज्ञावली लिहून देणारा तरुण वा तरुणी परगावी जाण्यापूर्वी त्यांच्याशेजारी तासभर बसून वर सांगितलेले रजिस्टर भरून घ्यावे, वेगळी चूल कोणत्या खोलीत आहे ते विचारावे, आणि त्यावर त्यांची व चिटणिसांची सही घ्यावी. वार्षिक सभेनंतर मावळते चिटणीस नव्यांस इतिवृत्ताची वही, शिक्का व किल्ल्या देतात, त्याच वेळी हे रजिस्टरही द्यावे, आणि पिप-ऑडिटचा त्या महिन्याचा कागद त्यास टाचलेला असावा.